परत तीच गुहा!
२००९ च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ या व्हिडिओ गेमनं वेड लावलं होतं. सहा वेगवेगळ्या सुरुवाती, अख्खा देश पालथा घालायला मोकळा! आणि मार्च २०११ मध्ये दुसरा भाग आला तो काय, तर एकच शहर आणि फिरून फिरून तीच गुहा. नवी वाटावी म्हणून एखादं दार दगडानं बुजवायचं. कोपऱ्यातल्या नकाशात मात्र पलीकडची वाट ढळढळीत दिसतेय! अरे, निदान नकाशा तरी खोडा की! मारामारी संपली म्हणावं, तर वरून आणखी गुंड टपकतात. (आपला साथीदार व्हॅरिक तेवढा झकास, त्याला शंभर गुन्हे माफ.) शेवटी जादूगारांची बाजू घ्या नाहीतर त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्या टेम्प्लर योद्ध्यांची, जादूगारांचा म्होरक्या ओर्सिनो आणि टेम्प्लरांची म्होरकी मेरेडिथ दोघांशीही लढायचंच. मग बाजू विचारता कशाला?