कोरडा फडकाच टाकीचा रंग खातो

सोसायटीच्या आणि ऑफिसच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘बाइकला पाणी लावू नका, गंज चढतो. रोज सकाळी कोरडा फडका मारा, आठवड्यातून एकदा डिझेलचा हात फिरवा, चेनला इंजिनमधून काढलेलं जुनं ऑइल लावा आणि दसऱ्याला वॉशिंग सेंटरवर प्रेशरने धुवून घ्या. गाडी नवीसारखी राहील.’ मला तो तिघांनी पाठवला. तिघांच्याही गाड्या आज छान आहेत, त्या तशाच राहाव्यात म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त नुकसान त्या फडक्याने होतं. सकाळी घाईत सीटखालचा फडका काढायचा, टाकीवर दोन हात मारायचे आणि निघायचं, ही आपल्याकडची जुनी सवय. पण पुण्यात टाकीवर बसते ती नुसती माती नसते. जागोजागी बांधकामं चालू आहेत, त्यांचं सिमेंट आणि खडीचा चुरा त्यात असतो. आपली खडी बेसाल्टची, म्हणजे काळ्या कातळाची. रंगावरच्या पारदर्शक थरापेक्षा तिचे कण कठीण असतात. फडका ते कण उचलत नाही, दाबून ओढत नेतो. काळ्या टाकीची गाडी असेल तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात उभी करा आणि टाकीत सूर्याचं प्रतिबिंब पडतं तिथे बघा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेषा दिसतील. त्या पॉलिशने जातात, पण रेषा जातात म्हणजे वरचा थर तेवढा घासला जातो. असं किती वेळा करणार?

त्यापेक्षा आधी नुसतं पाणी सोडा, हात लावू नका. धूळ भिजून खाली वाहू द्या. मग एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसऱ्या बादलीत साधं. स्पंज वरून खाली फिरवायचा आणि दर वेळी साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत बुडवायचा. चाकं आणि चेनकडचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्याने. काम झाल्यावर साध्या बादलीच्या तळाला बोटं फिरवून बघा. कचकच लागेल. ती तुम्ही रोज टाकीवर घासत होतात.

आता गंज. पाण्याने लोखंड गंजतं हे खरंच, पण जिथे पाणी साचून राहतं तिथे. टाकीवरचं पाणी टिपलं की संपलं. पावसात सिंहगडावर किंवा मुळशीला जाऊन आलात, तर दोन दिवसांनी मागच्या मडगार्डच्या आत बोट घालून बघा. वरून वाळलेल्या चिखलाखाली अजून ओल असते आणि गंज तिथूनच लागतो. म्हणजे गाडी न धुणं हेच गंजाला आमंत्रण. धुताना इंजिन पूर्ण गार हवं, सायलेन्सरच्या तोंडात पिशवी कोंबलेली हवी (सुरू करण्याआधी ती आठवणीने काढा!). नंतर स्टँडची स्प्रिंग आणि सायलेन्सरचा बेंड कोरडा करायचा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर उन्हात धुवू नका, पांढरे डाग बसतात. कपड्यांची पावडर नकोच, तिच्यातल्या सोड्याने ॲल्युमिनियम निस्तेज होतं.

डिझेलचा हात फिरवला की गाडी चमकते, पण ती चमक तेलाच्या पातळ थराची असते. संध्याकाळपर्यंत त्यावर दुप्पट धूळ चिकटते आणि सकाळी पुन्हा तोच कोरडा फडका. डिझेल ब्रेकच्या डिस्कला लागलं तर पॅड तेल पितात, मग गाडी थांबत नाही. इथे चमक बघायची नाही, जीव बघायचा.

चेनला जुनं ऑइल लावू नका. त्यात काजळी आणि धातूचा बारीक चुरा असतो. चेन पुसून घ्या आणि ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने थोडं थोडं सोडा. नाना पेठेत कुठेही मिळतं. जादा तेल पुसून टाका, नाहीतर ते टायरवर उडतं. ओ-रिंगची चेन, म्हणजे कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असलेली, पेट्रोलने कधीच धुवू नका.

प्रेशरचा अनुभव माझा स्वतःचा आहे. एका वॉशिंग सेंटरवर नोझल थेट मागच्या चाकाच्या मधोमध धरलं होतं. मी बघत उभा होतो आणि बोललो नाही, याचं अजून वाईट वाटतं. महिनाभरात चाकातून घरघर यायला लागली. बेअरिंग काढलं तेव्हा आतलं ग्रीस दुधाळ झालेलं होतं. प्रेशर मडगार्डच्या आतून जरूर मारा, पण चाकाचं बेअरिंग, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) आणि वायरिंगचे जोड यांवर नाही.

दसऱ्याला गाडी घरीच धुवा. हार घाला, हळदकुंकू वाहा, फक्त टाकीवरची हळद त्याच संध्याकाळी ओल्या मऊ कापडाने टिपून घ्या. मॅट रंगावर ती रात्रभर राहिली तर पिवळा डाग सहज निघत नाही.