बागेबद्दल लिहायचंय? मग ‘आधी तुमचा व्हॉइस शोधा’ हा सल्ला बाजूला ठेवा

गेले काही दिवस एकच सल्ला मला वेगवेगळ्या लोकांकडून येतोय, आणि पाठवणाऱ्यातले निम्मे तरी असे आहेत की ज्यांना आपल्या झाडांबद्दल लिहायची मनापासून इच्छा आहे पण हे वाचून ते अडकून बसलेत. सल्ला थोडक्यात असा: बागकामावर लिहायचं तर आधी तुमचा व्हॉइस शोधा, तो सापडेपर्यंत लोकांसमोर काही ठेवू नका. एकच विषय धरा. जाणकार वाटाल असं लिहा, चुका आणि मेलेली झाडं दाखवू नका. कोणाला खटकेल असं मत देऊ नका. ठरलेल्या दिवशी लिहिलंच पाहिजे. दुसऱ्यांचं फार वाचू नका, छाप पडते. आणि भाषा शुद्ध, भारदस्त ठेवा. अशा सात गोष्टी, आणि माझ्या मते त्यातली फक्त एक अर्धीमुर्धी बरोबर आहे.

पहिल्यापासून घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. व्हॉइस म्हणजे आपण ज्याला सूर म्हणतो तो. आता सूर ‘लागतो’ असं आपण म्हणतो ना, आणि तो कधी लागतो तर गायला बसल्यावर, गळा तापल्यावर, आधी कपाटात शोधून मग गायला बसलं असं कोणाचं होत नाही. गिल्बर्ट व्हाइट नावाचा इंग्लंडमधला एक पाद्री होता, त्याने १७५१ मध्ये आपल्या बागेच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्या नोंदी म्हणजे काय, तर आज काकडी पेरली, आज खरबूज लावलं, खताचा उबदार वाफा केला, वारा असा होता. बास. त्याचं जगभर गाजलेलं पुस्तक आलं १७८९ मध्ये, म्हणजे मध्ये अडतीस वर्षं गेली. त्या अडतीस वर्षांत तो बघत राहिला, लिहीत राहिला, घरातलं कासव तराजूत तोलून बघितलं, ते ऐकतं का हे बघायला त्याच्यासमोर कर्ण्यातून मोठ्याने ओरडूनसुद्धा बघितलं (कासवाने लक्ष दिलं नाही, तेही त्याने नोंदवलं). आज आपल्याला त्याचा जो सूर आवडतो तो या बघण्यातून आलाय. ‘सापडेपर्यंत थांब’ असं त्याला कोणी सांगितलं असतं तर काकडीची ती पहिली ओळसुद्धा लिहिली गेली नसती.

माझ्या वहीचं पहिलं पान मी मुद्दाम परत काढून बघितलं. लिहिलंय, जास्वंदीला सात कळ्या, दोन गळल्या. दुसऱ्या दिवशी, आणखी एक गळली, पाणी तर घातलंय. मग चौथ्या दिवशी थोडं लांब आहे: कळीच्या देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काहीतरी दिसलं, नखाने खरवडलं तर नखाला लालसर ओल लागली, आणि खोडावरून मुंग्यांची रांग थेट तिथपर्यंत गेलेली. तो मिलीबग होता, म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि तो जो चिकट गोड रस सोडतो त्यासाठी मुंग्या येतात आणि उलट त्याची राखणही करतात, हे सगळं मला नंतर कळलं. पण लालसर ओल आणि मुंग्यांची रांग हे मी आधी बघितलं होतं. माझ्या लिखाणाला जो काही सूर असेल तो त्या चौथ्या दिवसाच्या ओळीत सुरू झाला असं मला वाटतं, आणि ती लिहिताना सूर हा शब्द माझ्या डोक्यातही नव्हता.

आता जाणकार वाटण्याचं बघू, चुका लपवा वगैरे. यावर मला जरा जास्त बोलायचंय.

जाणकार वाटायचं म्हटलं की माणूस काय करतो? आधीच्या जाणकारांनी लिहिलेलं परत लिहितो, त्याच ठाम स्वरात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ‘कुंडीच्या तळाशी खडे किंवा फुटक्या कुंडीचे तुकडे घाला म्हणजे पाण्याचा निचरा चांगला होतो’. हे वाक्य तुम्ही किती ठिकाणी वाचलंय आठवा. मीही लिहिलं होतं, अगदी खात्रीने. आणि ते चूक आहे. घरात स्पंज असेल तर आत्ता करून बघा: स्पंज पूर्ण भिजवा, आडवा धरा, ठिबकणं थांबेपर्यंत थांबा. मग तोच स्पंज, न पिळता, उभा करा. परत पाणी गळायला लागेल. कारण बारीक छिद्रांच्या वस्तूत तळाशी एक ओला पट्टा धरून राहतो, त्या पट्ट्याची उंची साधारण तेवढीच राहते, स्पंज आडवा असो की उभा. कुंडीतल्या मातीचं हेच होतं. बारीक मातीतून पाणी खालच्या मोठ्या खड्यांमधे लगेच उतरत नाही, वरची माती पुरती भिजून टच्च झाली की मगच उतरतं. म्हणजे खडे घालून आपण तो ओला पट्टा काढत नाही, उलट वर सरकवतो, मुळांच्या आणखी जवळ आणतो आणि मातीची उंची कमी करतो ती वेगळीच. मला हे स्पंजवर बघेपर्यंत पटलं नव्हतं, बघितल्यावर मी तीन कुंड्या रिकाम्या केल्या आणि खड्यांच्या लगेच वरचा मातीचा थर हातात घेतला तर तो काळपट, गार आणि आंबूस वासाचा होता. हा वास मी लिहिला तेव्हा पहिल्यांदा लोकांनी मला उलट विचारलं, त्यांच्या कुंड्यांबद्दल सांगितलं. ठाम वाक्य लिहिलं होतं तेव्हा कोणी काही बोललं नव्हतं, कारण त्यात माझं असं काही नव्हतंच.

टोमॅटोचंही तसंच. फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडायचा. कॅल्शियम कमी आहे म्हणून अंड्याची टरफलं चुरून घातली, मुठीमुठीने, पूर्ण सीझन. काही फरक नाही. नंतर समजलं की बऱ्याच वेळा मातीत कॅल्शियम असतंच, ते फळापर्यंत पोचत नाही, कारण ते पाण्याबरोबर चढतं आणि पानं फळापेक्षा खूप जास्त पाणी ओढून घेतात, त्यात आपण दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी धो धो असं पाणी दिलं की फळ उपाशी राहतं. आणि टरफलं तर मातीत विरघळायला फार वेळ घेतात. माझं पाणी घालणं सुधारलं, मातीवर पालापाचोळा पसरला, तेव्हा पुढची फळं चांगली आली. आता हे चुका न दाखवता कसं सांगणार सांगा? ‘पाणी नियमित द्या’ एवढंच उरतं. ते बरोबर आहे पण ते वाचून कोणाचा हात थांबत नाही, टरफलांचा वाडगा हातात घेतलेल्या माणसाला टरफलांचीच गोष्ट सांगावी लागते. मेलेल्या झाडाचा फोटो लावल्याने विश्वास जातो म्हणे, माझा अनुभव असा की ज्याचं एकही झाड मरत नाही त्याच्याकडे लोक शंका विचारायला जात नाहीत.

एकच विषय धरा, ही ती अर्धी बरोबर गोष्ट. अर्धी यासाठी की सगळ्या जगाच्या झाडांवर लिहिण्यापेक्षा आपल्या समोर आहे त्यावर लिहिणं कधीही चांगलं. पण सुरुवातीलाच ‘मी फक्त सक्युलंटवर (जाड, रसाळ पानांच्या झाडांवर) लिहिणार’ असं कुंपण कशाला घालायचं, जेव्हा आपल्याला अजून माहीतच नाही आपला जीव कशात रमतो? आणि माणसाला धरून ठेवते ती त्याची नजर, विषय नंतर. गर्ट्रूड जीकल ही इंग्लंडमधली बागलेखिका बघा, मूळची चित्रकार, डोळे अधू होत गेले म्हणून चित्रं आणि बारीक भरतकाम मागे पडलं आणि ती बागेत आली, बागेवरचं पहिलं पुस्तक १८९९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. ती फुलझाडांवर लिहिते, जंगलावर लिहिते, पण सगळीकडे रंग शेजारी शेजारी ठेवून बघणारी चित्रकारच दिसते. तुम्ही शिवणकाम करत असाल, हिशेब लिहीत असाल, मुलांना शिकवत असाल, तर ते तुमच्या बागेच्या लिखाणात येऊ दे ना. माझी एक मैत्रीण नर्स आहे, ती रोपांबद्दल लिहिते तेव्हा वेळ टाकून लिहिते, सकाळी सहाला पानं ताठ, दुपारी दोनला माना टाकलेल्या, माती ओली. माती ओली असूनही दुपारी माना टाकल्या आणि सकाळी पानं परत ताठ, म्हणजे पाणी कमी नाही, दुपारचं ऊन सोसत नाही, हे तिने त्या वेळांवरूनच पकडलं. दुसऱ्या कोणाला असं लिहायला सुचलं नसतं.

मत देऊ नका, यावर थोडक्यात. मत नसलेलं बागेचं लिखाण म्हणजे बियांच्या पाकिटामागची सूचना. ख्रिस्तोफर लॉइड हा ब्रिटिश माळी-लेखक, त्याने १९९० च्या दशकात आपल्या घरची जुनी, नावाजलेली गुलाबाची बाग उपटून टाकली आणि तिथे कर्दळी, केळी असली मोठ्या पानांची भडक झाडं लावली. अनेकांना ते रुचलं नाही. पण त्याने कारण सांगितलं होतं, वर्षानुवर्षं गुलाब असलेल्या जागेत नवीन गुलाब नीट धरत नाहीत, आणि त्याला भडक रंग आवडायचे हेही त्याने कधी लपवलं नाही. कारण सांगा, मग खुशाल मत द्या. विनाकारण कोणाच्या बागेला नावं ठेवू नका इतकंच.

ठरलेल्या दिवशी लिहा, यावर दोन माणसं शेजारी ठेवते. हाच लॉइड १९६३ पासून चार दशकांहून जास्त काळ दर आठवड्याला एका साप्ताहिकात सदर लिहीत होता. आणि कॅथरिन व्हाइट, ‘न्यू यॉर्कर’ या अमेरिकी साप्ताहिकाची कथा-संपादक, तिने बागेवर लिहायला सुरुवात केली १९५८ मध्ये आणि १९७० पर्यंत तिचे लेख झाले चौदा. बारा वर्षांत चौदा! दोघांचाही सूर दोन ओळीत ओळखू येतो. तेव्हा ज्याला जसं झेपेल तसं. फक्त एक करा, बघितल्या दिवशी चार शब्द टिपून ठेवा, कारण आठवड्याने आपल्याला ‘कळ्या गळल्या’ एवढंच आठवतं, देठ हिरवा होता की पिवळा ते आठवत नाही, आणि सगळा फरक तिथेच असतो. लेख नंतर लिहा, महिन्याने लिहा.

दुसऱ्यांचं वाचू नका हे तर मला समजतच नाही. कॅथरिन व्हाइटचा पहिलाच बागेचा लेख बियाण्यांच्या कॅटलॉगवर होता, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचूनच तिची सुरुवात झाली, कॅटलॉग लिहिणाऱ्यांनाही लेखक समजून तिने वाचलं. छाप पडते, पडू दे. पहिले पाच-सहा लेख कोणासारखे तरी होतात, मग आपलंच झाड असं काहीतरी करतं जे त्या लेखकाच्या झाडाने केलेलं नसतं आणि उसनी शैली तिथे पुरत नाही.

आता भाषा. शुद्ध आणि भारदस्त. ओळखीच्या एक काकू आहेत, आयुष्यभर बाग केलेल्या, त्यांनी लिहून मला दाखवलं, “मृदेतील आर्द्रतेचे प्रमाण योग्य असल्याची खात्री करूनच मशागत करावी.” मी विचारलं, काकू, हे तुम्ही कधी कोणाशी बोलताना असं म्हणता का? तर म्हणाल्या, “नाही गं, मी म्हणते वाफसा आल्याशिवाय हात लावू नकोस.” वाफसा! एका शब्दात सगळं आलं, पाणी जिरलंय, चिखल गेलाय, पण ओल आहे आणि मातीत हवा खेळतेय. मी म्हटलं वाफसा आलाय हे ओळखायचं कसं तेच लिहा. त्यांनी उठून वाफ्यातली मूठभर माती घेतली, दाबून लाडू केला आणि अंगठ्याने हलकेच टोचला. तो भुसभुशीत होऊन फुटला. “हा बघ आला. चिकट गोळा राहिला असता तर अजून ओलं, आणि लाडू वळलाच नसता तर मग उशीर झाला, आधी पाणी दे.” फुटवा, शेंडा खुडणे, फांदी जून होणे, डोळा फुगणे, विरळणी, आळं, हे सगळे शब्द त्यांच्या तोंडात होते आणि कागदावर एकही नव्हता, कारण कोणीतरी सांगितलं होतं भारदस्त लिहा. आणि हो, पॉटिंग मिक्स, कोकोपीट, मिलीबग हेही त्या तितक्याच सहज बोलतात, ते बदलून कशाला घ्यायचे.

त्यांनी ते पान परत लिहिलं. सुरुवात अशी आहे: “काल पाऊस झाला म्हणून आज खुरपं हातात घेतलंस ना, ठेव खाली. आधी मूठभर माती घे.”