शांतताभंग

बालीत, उबुदजवळच्या एका रिसॉर्टच्या हिरवळीवर, सकाळी साडेसातच्या सुमारास मला योगवर्गातून उठवण्यात आलं. कारण, बडबड. माझं वय बावन्न. याआधी असं सातवीत झालं होतं, पण तेव्हा निदान मी बोलत तरी होतो.

वर्ग सातचा. बालीचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या आणि एकूण स्वभावाच्या हिशेबाने पहाटेचे साडेचार. फी दीड लाख. रुपये नव्हे, रुपिया. आपले आठशेच्या आसपास. पण 'दीड लाख' ऐकल्यावर पोटात जो खड्डा पडायचा तो पडतोच. आमच्या पुण्यात 1975 पासून योगगुरू अय्यंगारांची संस्था आहे, शिकायला जगभरातून लोक येतात, मी तिच्यावरून रोज स्कूटर नेतो. तिथे आत पाऊल टाकायचं नाही आणि समुद्र ओलांडून उघड्यावर डासांत आडवं पडायचं, ही कल्पना सौभाग्यवतींची. त्या स्वतः पहिल्या रांगेत. नवऱ्याशी काही ओळख नसल्यासारख्या.

माझ्या शेजारच्या चटईवर काका. आमच्याच टूरमधले, सांगलीचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. समोर भाताची खाचरं टप्प्याटप्प्याने ओढ्यापर्यंत उतरत गेलेली. योगाच्या बाई (मूळच्या ऑस्ट्रेलियाच्या, अंगात हाड नाही) म्हणाल्या, डोळे मिटा आणि फक्त पाण्याचा आवाज ऐका.

पाण्याचा आवाज ऐका! हे पाटबंधाऱ्याच्या माणसाला सांगायचं?

काकांनी ऐकला. मग म्हणाले, "वरच्या अंगाला पाणी तुंबलंय कुठंतरी."

मी म्हणालो, "हं."

ताडासन सुरू झालं. हात आभाळाकडे, टाचा वर, आणि काका सांगतायत, "ह्यांच्यात सुबक म्हणून पद्धत आहे बघा. शेतकऱ्यांचीच मंडळी. नवव्या शतकापासूनची. 2012 ला युनेस्कोनं यादीत घेतली. कुणाचं पाणी कधी, लावणी कधी, सगळं देवळात ठरतंय. पुजारी म्हणजे आमचा कार्यकारी अभियंताच की. फरक एवढाच, ह्याचं लोक ऐकतात."

"हं."

"ऐकताय न्हवं?"

"हं, हं."

वडीलधारा माणूस बोलतोय आणि आपण हुंकार द्यायचा नाही, हे आमच्या घरी कुणी शिकवलं नाही. काकांनी मात्र आयुष्य आढावा बैठकांत काढलेलं. साहेब समोर बोलत असताना ओठ न हलवता, डोळे न उघडता, फक्त शेजाऱ्याच्या कानात पडेल एवढंच बोलायचं, ही त्यांना साधलेली सिद्धी. पतंजलींच्या यादीत ती नाही, पण असायला हरकत नव्हती. माझं 'हं' पडलं बेंबीच्या देठापासून आलेलं, चारचौघांत ऐकू जाणारं. पुढच्या चटईवरच्या सोनेरी वेणीने दोनदा मागे वळून पाहिलं. दोन्ही वेळा माझ्याकडे.

त्रिकोणासनात काका धुळ्याला पोचले. "आपल्याकडं फड पद्धत न्हवती का? पांझरा, मोसम नद्यांवर. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका पट्ट्यात, एकच पीक, पाणी सोडायला गावानं नेमलेला पाटकरी. मग आम्ही वर धरणं बांधली आणि खाली फड बसले. आता लिहितायत प्रबंध." हे म्हणताना त्यांचा आवाज जरासा हलला. माझा तोल गेला तो त्यामुळे नव्हे, पण तेव्हाच.

मग अधोमुख श्वानासन. सगळा वर्ग उलटा. काका पायांच्या फटीतून मागचं खाचर न्याहाळत म्हणाले, "ते आडवं लाकूड दिसतंय? खाचा पाडल्यात बघा. जेवढी खाच रुंद, तेवढं पाणी त्या वाटेला. मीटर नाही, वीज नाही, अर्जफाटे नाहीत."

मी पाहिलं. खरंच होतं. पाणी शिस्तीत दोन वाटांनी चाललं होतं, शेजारून बदकं चालली होती, सगळं उलटं आणि सुरेख. माझ्या तोंडून निघालं, "अरे वा!"

बाई अनवाणी आल्या. खांद्यावर हात ठेवून कानाशी कुजबुजल्या, इथे शांतता आपण सगळ्यांनी मिळून सांभाळायची असते, तुम्ही थोडा वेळ त्या चाफ्याखाली बसाल का? मी सौभाग्यवतींकडे पाहिलं. त्या श्वासावर लक्ष ठेवून होत्या. मग बाई काकांकडे वळल्या आणि म्हणाल्या, काय एकाग्रता आहे!

चाफ्याखाली लाल मुंग्या होत्या. नारळाच्या पानांच्या द्रोणात फुलं आणि उदबत्ती असा तिथला रोजचा नैवेद्यही होता. तो ठेवणाऱ्या मुलाने मला हात जोडले. बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की कुंपणापलीकडे नव्या व्हिलाचं काम चालू आहे. काँक्रीटचा मिक्सर मघापासून घरघरत होता. काका आल्याआल्याच म्हणाले होते, ही हिरवळ खाचरच होती, बांध कापून सपाट केलीय. म्हणजे आधी शेत घालवायचं, त्यावर लॉन लावायचं, शेजारच्या शेतात पोहण्याचे तलाव खणायचे, आणि उरलेल्या खाचरांकडे तोंड करून आम्हाला निसर्गाशी एकरूप व्हायला सांगायचं, दीड लाखात. मिक्सरला कुणी चाफ्याखाली बसवलं नाही. एका 'अरे वा'ने मात्र शांतता भंगते. मलाच का, हा प्रश्न मी पुन्हा विचारणार नाही. पण मलाच का?

काउंटरवरच्या मुलाने पैसे परत मिळत नाहीत असं इतक्या गोड हसून सांगितलं, की मीच त्याला धन्यवाद म्हणालो. बदल्यात उद्याच्या वर्गाला फुकट या, म्हणाला. मी नको म्हणेपर्यंत वहीत नाव चढलंही होतं.

नाश्त्याला काका समोरच येऊन बसले. नासी गोरेंगच्या भातात चमच्याने चर काढला, त्यात सोया सॉस सोडला आणि तो कुठवर वाहतो ते बघत म्हणाले, "तुम्ही मधेच उठून गेलात. बरं नाही वाटत का?"

मी काही बोललो नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "तसं काही नाही हो काका, उद्या येतायत ते."

"मग झकास," काका म्हणाले. "चटई शेजारीच घ्या. बोगद्यांचं सांगायचं राहिलंय."