पैज लागलीच नव्हती: डब्लिनच्या एका ग्रीक पोथीची गोष्ट

गेल्या काही महिन्यांत तीन निरनिराळ्या ग्रुपांवर एकच मजकूर आला. शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच, म्हणजे उगम एकच. थोडक्यात तो असा:

‘बायबलमध्ये त्रैक्य स्पष्ट सांगणारं एकच वचन आहे आणि ते बनावट आहे. १५२० साली इरॅस्मस नावाच्या पंडिताने पैज लावली, की हे वचन असलेली एक तरी ग्रीक पोथी दाखवा, लगेच छापतो. चर्चने ऑक्सफर्डच्या फ्रॉय नावाच्या भिक्षूकडून रातोरात पोथी लिहून घेतली. बिचाऱ्या इरॅस्मसला शब्द पाळावा लागला. त्याआधी जगातल्या एकाही ग्रीक पोथीत हे वचन नव्हतं. अख्खा त्रैक्याचा सिद्धांत या एका ओळीवर उभा आहे आणि आजही ती प्रत्येक बायबलमध्ये छापली जाते.’

त्रैक्य म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तिघे मिळून एकच देव, ही ख्रिस्ती धारणा. फॉरवर्डमधली एक गोष्ट खरी आहे, ती आधीच सांगून टाकतो. वचन प्रक्षिप्त आहे. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मूळ मजकूर एवढाच होता, की साक्ष देणारे तीन आहेत: आत्मा, पाणी आणि रक्त. लॅटिन परंपरेत त्याला एक जोड मिळाली, की स्वर्गात साक्ष देणारेही तीन आहेत, पिता, शब्द (म्हणजे पुत्र, येशू) आणि पवित्र आत्मा, आणि हे तिघे एक आहेत. ही जोड लॅटिनमध्ये चौथ्या शतकाच्या अखेरीपासून दिसते आणि पुढे लॅटिन बायबलमध्ये रुळते. जुन्या ग्रीक पोथ्यांत ती नाही. एवढं सोडलं तर फॉरवर्डमधला जवळजवळ प्रत्येक तपशील घसरलेला आहे.

पैजेपासून सुरुवात करू, कारण सगळी मजा तिथेच आहे. नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, मुळात ग्रीकमध्ये लिहिलेला. इरॅस्मसने तो ग्रीक मजकूर बाझेलला फ्रोबेनच्या छापखान्यातून १५१६ साली काढला, दुसरी आवृत्ती १५१९ला. दोन्हींत हे वचन नाही, कारण त्याच्यासमोरच्या ग्रीक पोथ्यांत ते नव्हतं. त्यावर इंग्लंडमधून एडवर्ड ली आणि स्पेनमधून स्टुनिका तुटून पडले. लीचं म्हणणं, तुम्ही पोथ्या नीट धुंडाळल्या नाहीत आणि एरियसच्या पाखंडाला (पुत्र पित्याच्या बरोबरीचा नाही, या मताला) दार उघडून दिलंत. १५२० साली इरॅस्मसने लीला जे उत्तर दिलं त्याचा मथितार्थ असा: लॅटिनमध्ये आहे ते असलेली एक जरी ग्रीक पोथी माझ्या हाती आली असती, तर मी ते घातलं असतं, तशी आली नाही, म्हणून ग्रीकमध्ये ते नाही एवढं मी नोंदवलं.

‘घातलं असतं’ आणि ‘घालीन’ यांतला फरक मराठी माणसाला समजावायला नको. झालेल्या गोष्टीचा तो खुलासा होता. त्यात पुढचं वचन नाही, आव्हान तर मुळीच नाही. लायडनचे अभ्यासक हेंक यान द योंगे यांनी १९८० साली इरॅस्मसचं सगळं लिखाण चाळून दाखवून दिलं, की अशी पैज किंवा शपथ त्याने कुठेही घेतलेली नाही. मग ही कथा इतकी पसरली कशी? ब्रूस मेट्झगर या मोठ्या पाठचिकित्सकाच्या १९६४च्या पाठ्यपुस्तकात ती होती, आणि दोन पिढ्यांचे विद्यार्थी तिच्यावर वाढले. १९९२च्या तिसऱ्या आवृत्तीत मेट्झगरनी दुरुस्ती केली, पण पुस्तकाच्या शेवटी, टिपेत. शेवटची टीप कोण वाचतं?

बरं, मग १५२२च्या तिसऱ्या आवृत्तीत वचन आलं ते का? तोवर इंग्लंडमधून ते वचन असलेली एक ग्रीक पोथी पुढे आली होती. पण ते का घातलं, याचं कारण इरॅस्मसने स्वतःच लिहून ठेवलंय: कुणाला निंदेचं निमित्त मिळू नये म्हणून. पाखंडी ठरलो तर अख्खं पुस्तकच बदनाम होईल, ही त्याची धास्ती होती. आणि त्याच टिपणात, ही इंग्लंडमधली पोथी लॅटिनबरहुकूम ‘सुधारलेली’ असावी असा संशयही त्याने नोंदवला. मनातून त्याला पटलं नव्हतंच. १५२१च्या जूनमध्ये रोमहून बोंबासियुस नावाच्या मित्राने व्हॅटिकनमधली चौथ्या शतकातली प्रसिद्ध पोथी पाहून त्याला उतारा पाठवला होता, त्यातही हे वचन नव्हतं. तेव्हा हा माणूस पैज हरलेला नव्हता, वैतागलेला होता.

आता ती ‘रातोरात लिहिलेली’ पोथी. ती आहे, आजही आहे, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, क्रमांक ३०. (त्रैक्याच्या वादातली पोथी ट्रिनिटीतच जाऊन बसावी!) अभ्यासकांच्या यादीत ती ६१ क्रमांकाची. सतराव्या शतकातल्या माँटफर्ट नावाच्या मालकावरून तिला माँटफर्ट पोथी म्हणतात. त्याच्यानंतर ती आर्चबिशप जेम्स अशर यांच्याकडे गेली. सृष्टी ख्रिस्तपूर्व ४००४ साली निर्माण झाली असं गणित मांडणारे तेच हे अशर. पोथी कागदाची, साडेचारशेहून अधिक पानांची, आणि तीत नव्या कराराची सत्तावीसच्या सत्तावीस पुस्तकं आहेत. एवढं सगळं हाताने ग्रीकमध्ये उतरवणं हे एका रात्रीचं काम नाही, हे ज्याने कधी शाळेत ‘शंभर वेळा लिहा’ची शिक्षा भोगली आहे त्याला तरी पटावं.

फ्रॉयचं नाव कुठून आलं? पोथीत मालकीची एक नोंद आहे, अर्थ असा: ‘मी थॉमस क्लेमेंटची, पूर्वी ब्रदर फ्रॉयची.’ मालकाचं नाव म्हणजे लेखनिकाचं नाव नव्हे. माझ्या आजीच्या पांडवप्रतापावर तिच्या भावाचं नाव आहे, म्हणून तो श्रीधरस्वामी होत नाही.

पण पोथीत पाहण्यासारखं खरंच काही आहे. प्रेषितांची कृत्ये आणि पत्रं हा भाग ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजातल्या एका जुन्या ग्रीक पोथीवरून उतरवलेला आहे आणि त्या पोथीत हे वचन नाही. म्हणजे लेखनिकाने समोर नसलेली ओळ बाहेरून आणली. कुठून, ते भाषाच सांगते. ग्रीकमध्ये नामाआधी उपपद लागतं: ‘हो पातेर’, ‘हो लोगोस’. या पोथीत नुसतं ‘पातेर, लोगोस, काय प्नेउमा हागिओन’. उपपदं गायब. लॅटिनमध्ये उपपद नसतंच, म्हणून लॅटिनमधून शब्दाला शब्द ठेवणाऱ्याच्या हातून ते निसटलं. मराठीतही उपपद नाही. इंग्रजी बोलताना आपला ‘द’ जिथे पडतो, अगदी तिथेच या लेखनिकाचा ‘हो’ पडलाय. नंतरच्या छापील आवृत्त्यांनी ही उपपदं नीट भरून घेतली, आणि लोकांना वाटलं हे अस्सल ग्रीक.

तर मजकूर लॅटिनमधून आला हे पक्कं. इरॅस्मसला खोटं पाडायलाच पोथी लिहिली, असा संशय खुद्द मेट्झगरसारख्यांनीही व्यक्त केला आहे. पण संशय आणि ‘चर्चने लिहून घेतली’ हे विधान यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर फॉरवर्ड एका उडीत कापतो. एरवी स्वच्छ, कोऱ्या वाटणाऱ्या या पोथीची दोनच पानं मळलेली आहेत, ज्यांवर हे वचन आहे ती. पाचशे वर्षं प्रत्येक जण तेवढंच पाहायला येतोय.

‘१५२०च्या आधी एकाही ग्रीक पोथीत नव्हतं’ हेही चूक. व्हॅटिकन ग्रंथालयात ऑट्टोबोनी संग्रहात एक मध्ययुगीन द्विभाषी पोथी आहे, अभ्यासकांच्या यादीत ६२९ क्रमांकाची, १४व्या शतकातली मानली जाते. एका स्तंभात लॅटिन, शेजारी ग्रीक. तिच्यात हे वचन आहे, आणि कुणाच्या पैजेचा प्रश्नच नाही, कारण इरॅस्मस जन्मायचा होता. पण तिथेही तीच गंमत: ग्रीकला शेजारच्या लॅटिनच्या वळणाने वळवलंय, उपपदं नाहीत, आणि माँटफर्ट पोथीत ‘स्वर्गात’ आहे तिथे हिच्यात ‘स्वर्गातून’ आहे. दोन माणसांनी एकाच लॅटिन ओळीचं स्वतंत्रपणे भाषांतर केलं की असंच होतं. त्याहीआधी, १२१५च्या रोममधल्या लॅटरन चर्च-परिषदेच्या कामकाजाच्या ग्रीक अनुवादात हे शब्द येतात. म्हणजे लॅटिन आणि ग्रीक जिथे मांडीला मांडी लावून बसले तिथे ही ओळ ग्रीकमध्ये झिरपत होती. त्यासाठी कट लागत नव्हता, दुभाषा पुरत होता.

याच मुद्द्यावर पलीकडच्या बाजूचीही एक हातचलाखी पकडायला हवी. वचन अस्सल मानणारे लोक याद्या देतात: दहाव्या शतकातली पोथी, अकराव्या शतकातली, बाराव्या शतकातली. पोथ्या खरोखर तितक्या जुन्या आहेत. फक्त वचन मूळ मजकुरात नाही, समासात आहे, आणि कितीतरी नंतरच्या हाताने लिहिलेलं. म्युनिकच्या पोथीत (क्रमांक १७७) मजकूर अकराव्या शतकातला, पण वरच्या समासात लिहिलेल्या या ओळीसोबत वचनाचा क्रमांकही आहे. नव्या कराराला आजचे वचनक्रमांक छापले गेले ते १५५१ साली. छापील पुस्तक शेजारी ठेवून कुणीतरी जुन्या पोथीत भर घातली, हे याहून स्पष्ट कसं दिसणार?

त्रैक्याचा सिद्धांत या ओळीवर उभा आहे, हे तर अगदीच उलटं. ज्या चर्च-परिषदांत तो ठरला, त्यांतली निकियाची ३२५ची, कॉन्स्टँटिनोपलची ३८१ची. सिद्धांताची बांधणी केली ती ग्रीक भाषिक धर्मपंडितांनी, आणि त्यांच्या पोथ्यांत हे वचन नव्हतंच. एरियसपंथीयांशी भांडताना हाताशी असलेलं असलं हुकमी अस्त्र त्यांनी म्यानात ठेवलं असतं का? नाझियान्झसचा ग्रेगरी तर चौथ्या शतकात याच जागेबद्दल बोलतो, आणि बोलतो ते व्याकरणाबद्दल. ग्रीकमध्ये आत्मा, पाणी, रक्त हे तिन्ही शब्द नपुंसकलिंगी, पण ‘साक्ष देणारे’ हे पुल्लिंगी. आपल्याकडे तीन लिंगं आहेत म्हणून ही खोच आपल्याला चटकन कळते: ‘देणारी तीन’ हवं तिथे ‘देणारे तीन’. काही जण म्हणतात, मधलं ‘पिता, शब्द’ गळलं म्हणून लिंग बिघडलं. ग्रेगरीला तेच ‘बिघडलेलं’ वाक्य समोर दिसत होतं, आणि त्याचं तो समर्थन करतो; मध्ये काही गळलंय असं त्याच्या मनातही येत नाही. तुम्हाला त्रैक्य पटो न पटो, त्याचा पाया वेगळ्या वचनांत शोधावा लागेल.

‘प्रत्येक बायबलमध्ये’ या दाव्याला फार वेळ द्यायची गरज नाही. ल्यूथरने १५२२च्या जर्मन अनुवादात हे घेतलं नाही आणि हयातभर घेतलं नाही. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र ते आहे, आणि त्या परंपरेतल्या काही अनुवादांत अजूनही छापतात. न्यूटनने १६९०मध्ये तत्त्वज्ञ जॉन लॉकला पाठवलेल्या प्रबंधात हे वचन घुसडलेलं असल्याचं मांडलं. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, १८९७ साली शंका घ्यायला मनाई केली आणि १९२७ साली ती सैल केली. आणि आपल्याकडचं प्रचलित मराठी बायबल? कपाटातून काढा, योहानाचं पहिलं पत्र, ५:७-८ उघडा. आत्मा, पाणी आणि रक्त, एवढेच तीन साक्षीदार सापडतील.

यातलं बरंचसं मी त्या ग्रुपवर लिहिलं होतं. दोन अंगठे आले, एक हात जोडलेला. आठवड्याने दुसऱ्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड पुन्हा आला. पैज होती, रात्र होती, फ्रॉय होता, आणि शेवटी एक नवी ओळ जोडलेली होती: ‘या पोथीची दोनच पानं मळलेली आहेत.’