पर्शियन आकडे उलटे साठवण्याचा सल्ला का चुकीचा आहे

पर्शियन मजकुरातल्या संख्या पडद्यावर बिघडल्या की त्यावरचा एक ठराविक सल्ला प्रोग्रॅमर मंडळींत हातोहात फिरतो. त्याचे म्हणणे असे: पर्शियन उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणून आकडेही उलट्या क्रमाने साठवावेत, अरबी मजकुरातले अंक आणि पर्शियन अंक एकच आहेत, कोणतेही वापरावेत, दशांशचिन्ह म्हणून टिंब किंवा तिरकी रेघ, जे बरे दिसेल ते चालेल, आणि एवढे करूनही घोळ उरला, तर परिच्छेदाची दिशा बदलली की काम झाले. यातला एकही मुद्दा टिकत नाही. आणि चुकीची संख्या चुकीची म्हणून दिसत नाही, हा यातला खरा धोका आहे. इराणमधला वाचक ती बरोबर समजूनच पुढे जातो.

पहिला मुद्दा मुळातच खोटा आहे. पर्शियन अक्षरे उजवीकडून डावीकडे जातात, पण संख्या डावीकडूनच लिहिली जाते: २५ मधला २ डावीकडे असतो आणि तोच आधी लिहिला जातो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याच्या मानकात, मजकूर वाचनाच्या क्रमाने साठवायचा असतो, आणि पडद्यावरची मांडणी द्विदिश (दोन्ही दिशांनी जाणाऱ्या) मजकुराचा अल्गोरिदम करतो. जो अंक हाताने उलटून ५२ असे साठवतो, तो शोध, क्रमवारी, बेरीज आणि अंधांसाठीचे वाचक सॉफ्टवेअर यांना ५२ हीच संख्या देतो.

दुसऱ्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक गोंधळ इथून सुरू होतो. अरबी आणि पर्शियन ४, ५ आणि ६ यांची वळणे वेगळी आहेत, हे डोळ्यांना दिसते; न दिसणारा फरक असा की युनिकोडने दोन्ही संचांना वेगळे संकेतांक (प्रत्येक चिन्हाचा ठरलेला क्रमांक) आणि द्विदिश मांडणीत वेगळे वर्ग दिले आहेत. अरबी अंक ‘अरबी संख्या’ या वर्गात येतात, तर पर्शियन अंक युरोपीय अंकांच्याच (0, 1, 2…) वर्गात; मात्र त्यांच्याआधी पर्शियन अक्षर आले असेल, तर अल्गोरिदम त्यांना अरबी संख्या मानतो. म्हणजे तोच अंक शेजार बदलला की वेगळा वागतो. उजवीकडून सुरू होणाऱ्या परिच्छेदात १४०३-०५-१२ ही तारीख पर्शियन अंकांत एकटीच असेल, तर ती तशीच दिसते, कारण युरोपीय अंकांमधली आडवी रेघ त्यांना जोडून धरते. तिच्याआधी एखादा पर्शियन शब्द आला की ती रेघ अंकांपासून सुटते आणि पडद्यावर १२-०५-१४०३ दिसते. साठवलेला मजकूर मात्र तसूभरही बदललेला नसतो. देवनागरी अंकांना युनिकोड अक्षरांसारखेच पक्के डावीकडून उजवीकडे जाणारे मानते, म्हणून मराठीत काम करणाऱ्याला हा अनुभव येत नाही. पण उर्दूसाठी पर्शियनचेच संकेतांक वापरले जातात, तेव्हा उर्दूचे सॉफ्टवेअर करणाऱ्यालाही हे जाणून घ्यावेच लागते.

दशांशचिन्हाचा मुद्दा अर्धा खरा वाटतो, म्हणून तो जास्त फसवतो. टिंब किंवा तिरकी रेघ दोन अंकांमध्ये एकटी आली तर आज मांडणी मोडत नाही, हे मान्य करायला हवे. युनिकोडच्या ४.०.१ आवृत्तीपूर्वी तिरक्या रेघेचा वर्ग वेगळा होता आणि अक्षरानंतर आलेले ३/१४ हे १४/३ असे उमटे. तो दोष आता नाही. पण नीट दिसणे आणि नीट कळणे यांत अंतर आहे. पर्शियन मजकुरात ३/१४ हे तीन पूर्णांक चौदा शतांश असू शकते, अपूर्णांक असू शकतो, आणि इराणी वर्षाच्या तिसऱ्या, खोरदाद महिन्याची १४ तारीखही असू शकते. टिंबाची अडचण त्याहून वाईट आहे: पर्शियन शून्य हेच मुळात छोट्या टिंबासारखे दिसते, त्यामुळे बारीक अक्षरांत ३.५ आणि ३०५ यांत फरक करणे कठीण जाते. इराणच्या ६२१९ क्रमांकाच्या राष्ट्रीय मानकाने आणि युनिकोडच्या पर्शियन भाषाविषयक माहितीने ‘मोमय्यज’साठी, म्हणजे दशांशचिन्हासाठी, स्वतंत्र चिन्ह ठरवले आहे, संकेतांक ०६६बी, हजारांच्या गटांसाठी त्याच्या शेजारचे ०६६सी आहे. वापरायचे तर हेच वापरावे. मात्र असा मजकूर आकडेमोडीसाठी परत वाचताना आधी रूपांतर करावे लागते: पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा पर्शियन अंक स्वीकारते, पण हे दशांशचिन्ह नाकारते.

परिच्छेदाची दिशा उजवीकडून ठेवणे आवश्यक आहे. पुरेसे मात्र नाही. तापमान उणे ३.५ लिहायचे असेल, तर उणेचिन्ह आधी आणि संख्या नंतर अशा क्रमाने साठवूनही ते चिन्ह संख्येच्या उजवीकडे जाऊन बसते, जणू ते मागच्या शब्दालाच जोडलेले असावे. युनिकोडच्या पर्शियन माहितीत उणेचिन्हाआधीच डावीकडून उजवीकडे दिशेची अदृश्य खूण जोडलेली आहे ती याचसाठी, आणि २०१३ मध्ये ६.३ आवृत्तीत आलेली विलगक चिन्हेही (मजकुराचा तुकडा आजूबाजूपासून वेगळा ठेवणाऱ्या अदृश्य खुणा) याच कामाची आहेत: डावीकडून जाणाऱ्या विलगकात गुंडाळलेली संख्या शेजारच्या अक्षरांचा परिणाम होऊ देत नाही. हे काम संख्या दाखवणाऱ्या प्रोग्रॅमने करावे. पडद्यावर नीट दिसेपर्यंत टंकन करणाऱ्याने अदृश्य खुणा पेरत राहिल्या, तर त्या नक्कल-चिकटवीबरोबर डेटाबेसमध्ये शिरतात, आणि मग दिसायला अगदी सारख्या असलेल्या दोन संख्या शोधात एकमेकींशी जुळत नाहीत.