‘पाणी हळू फिरवा’ हा सल्ला किती पाण्यात आहे?

गाड्या, जनरेटर किंवा कारखान्यातल्या कूलिंगशी ज्याचा संबंध येतो, त्याच्याकडे हा मेसेज कधी ना कधी येतोच. शब्द इकडचे तिकडे होतात, गाभा तोच राहतो: रेडिएटरमधून पाणी फार वेगात गेलं तर त्याला उष्णता घ्यायला आणि सोडायला वेळच मिळत नाही, म्हणून इंजिन तापतं. सोबत पुरावेही असतात. हळू फिरणाऱ्या पाण्याचा खालचा पाईप हाताला गार लागतो. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढला की इंजिन तापतं. रेसवाले मुद्दाम पंपाचा वेग कमी करतात. पॉवर प्लांटमध्येही पाणी सावकाशच फिरवतात, आणि टर्बाइनला पाणी कमी सोडलं की मशीन शांत चालतं. शेवटी उपाय: पंपाच्या लाइनवरचा व्हॉल्व्ह थोडा आवळा.

यातली निरीक्षणं बरीचशी खरी आहेत. म्हणूनच हा मेसेज मरत नाही. खोटा आहे तो त्यांच्यामागे चिकटवलेला अर्थ.

“पाण्याला वेळ मिळत नाही”

मूळ दावा हा, म्हणून आधी हाच. कूलिंगचं पाणी बंद चक्रात फिरतं. समजा यंत्रणेत एकूण १० लिटर पाणी आहे आणि रेडिएटरमध्ये ३ लिटर मावतं. पंप रेंगाळत चालो की सुसाट, कोणत्याही क्षणी रेडिएटरमध्ये ३ लिटरच पाणी असणार. वेग दुप्पट केला तर पाण्याचा प्रत्येक थेंब तिथे निम्माच वेळ थांबतो, पण दुप्पट वेळा येतो. तासाभराचा हिशोब मांडा: सरासरी १८ मिनिटं रेडिएटरमध्ये, ४२ मिनिटं बाकीच्या यंत्रणेत. पंपाच्या वेगाने यात एका मिनिटाचाही फरक पडत नाही.

म्हणजे जो ‘वेळ’ वाचवण्यासाठी एवढा खटाटोप सांगितलाय, तो वाढतही नाही आणि कमीही होत नाही.

“खालचा पाईप हात लावून बघा”

बघाच. हळू पाण्यात तो खरंच गार लागेल. पण रेडिएटरने किती उष्णता बाहेर टाकली हे एकट्या तापमानावरून कळत नाही. सेकंदाला किती किलो पाणी गेलं आणि ते किती अंशांनी उतरलं, या दोन्हींचा गुणाकार करावा लागतो. एक किलो पाणी एक अंशाने उतरलं की सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते.

आकडे घालून बघू. इंजिन पाण्याला ६० किलोवॉट उष्णता देतंय. एवढी उष्णता हवेत टाकायला रेडिएटरमधल्या पाण्याचं सरासरी तापमान ८५ अंश असावं लागतं असं धरू.

सेकंदाला २ किलो पाणी फिरत असेल तर ते साधारण ७ अंशांनी उतरतं. वरून ८८.६ अंशांनी येतं, खालून ८१.४ अंशांनी जातं.

प्रवाह १ किलोवर आणला तर उतार १४ अंशांच्या थोडा वर जातो. वर ९२, खाली ७८.

अर्धा किलो केला तर उतार साडेअठ्ठावीस अंशांच्या आसपास. खाली सुमारे ७१, हात लावणारा खूश. आणि वर? ९९ अंशांच्या पुढे. खालचा पाईप सर्वांत गार आहे नेमका तेव्हाच इंजिनाच्या डोक्यावर पाणी उकळायच्या बेतात आहे.

हाताने मोजलं ते चुकीच्या टोकाला. इंजिनाला त्रास देणारं पाणी वरच्या पाइपात असतं, आणि तिथे कुणी सहसा हात लावत नाही, कारण भाजतं. शिवाय वरच्या हिशोबात हळू पाण्याला मी सवलत दिली आहे. प्रवाह मंदावला की धातू आणि पाणी यांच्यातली उष्णतेची देवाणघेवाणही बिघडते, त्यामुळे सरासरी ८५ वर भागत नाही, ती आणखी चढते.

एका ठिकाणी मात्र मेसेजवाल्यांचं म्हणणं लागू पडतं. पाणी एकदाच आत येऊन बाहेर जाणार असेल आणि आपल्याला बाहेर पडणारं पाणीच गार हवं असेल, तर हळू सोडणं बरोबर. पण मग प्रश्नच वेगळा झाला. इंजिनात आपल्याला गार पाणी नको असतं, गार इंजिन हवं असतं.

देवाणघेवाण बिघडते म्हणजे काय होतं

मेसेजमध्ये यावर एक ओळही नाही, आणि सगळी गोम इथेच आहे.

१८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या लांब नळीतून पाणी सोडलं आणि त्यात रंगाची बारीक धार मिसळली. पाणी सावकाश असताना ती धार नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ राहिली, जराही पसरली नाही. वेग वाढवत नेल्यावर एका मर्यादेनंतर ती थरथरली, पुढे कुठेतरी अचानक विस्कटली आणि त्यापुढची सगळी नळी रंगाने भरून गेली. पहिल्या प्रवाहाला लॅमिनार म्हणतात, दुसऱ्याला टर्ब्युलंट. गोल नळीत ही सीमा कुठे येते ते वेग, व्यास आणि द्रवाचा चिकटपणा मिळून ठरवतात. यांच्यातून निघणारा आकडा, म्हणजे रेनॉल्ड्स क्रमांक, साधारण २३०० च्या आसपास गेला की लॅमिनार प्रवाहाचा भरवसा उरत नाही.

आता रंगाच्या जागी उष्णता ठेवा. भिंतीला अगदी लागून असलेलं पाणी हलतच नाही. भिंतीपाशी वेग शून्य असतो. लॅमिनार प्रवाहात थर एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे भिंतीची उष्णता मधल्या पाण्यापर्यंत थराथरातून झिरपतच पोचवावी लागते. आणि उष्णता वाहून नेण्यात पाणी अगदीच मठ्ठ आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या तुलनेत त्याची वाहकता तीनशेपटींहून कमी भरते. म्हणजे हळू पाण्यात भिंतीलगतचा थर धातूवर पांघरूण घालून बसतो: कडेचं पाणी भिंतीएवढं होऊन जातं, मधलं पाणी आलं तसंच निघून जातं.

टर्ब्युलंट प्रवाहात भोवरे मधलं पाणी कडेला आणून आदळतात आणि कडेचं उचलून मध्ये नेतात. पांघरूण पातळ होतं. १९३० मधलं डिटस आणि बोल्टर यांचं सूत्र आजही पहिल्या अंदाजासाठी वापरतात. त्यानुसार अशा प्रवाहात भिंत आणि पाणी यांच्यातली देवाणघेवाण वेगाच्या ०.८ व्या घाताने वाढते. वेग दुप्पट केला तर ती सुमारे १.७४ पट होते.

“थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापतं, म्हणजे तो पाणी हळू करण्यासाठीच असतो”

थर्मोस्टॅट असतो तो इंजिन लवकर गरम व्हावं आणि मग ठरलेल्या तापमानाच्या खाली जाऊ नये म्हणून. थंड इंजिनात तेल जाड राहतं, इंधन नीट जळत नाही, झीज वाढते. बहुतेक गाड्यांचा थर्मोस्टॅट काढला तर उलटी तक्रार येते: गाडी तापतच नाही.

तरी काही इंजिनं खरंच तापतात, त्याची कारणं वेगळी आहेत. अनेक इंजिनांत रेडिएटरला वळसा घालून जाणारी बायपासची वाट असते. थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की त्याचीच खालची चकती ती वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि बरंचसं गरम पाणी रेडिएटरचं तोंड न बघताच परत इंजिनात शिरतं. दोष वेगाचा नाही, पाणी भलत्याच वाटेने गेल्याचा आहे. काही जुन्या रेडिएटरांना वरच्या टाकीवर प्रेशर कॅप, म्हणजे आतला दाब धरून ठेवणारं झाकण, असे. अडथळा गेला की जोरात धावणाऱ्या इंजिनात पंपाचा दाब थेट त्या कॅपवर येऊन कूलंट (कूलिंगचं पाणी) बाहेर फेकलं जाई. कूलंट कमी झालं की इंजिन तापणारच.

“रेसवाले पंपाचा वेग कमी करतात”

करतात, पण पाणी कमी फिरावं म्हणून नाही. पंप इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. मिनिटाला सात-आठ हजार फेऱ्यांवर इंपेलरच्या (पंपात पाणी ढकलणाऱ्या चाकाच्या) तोंडाशी दाब इतका खाली जातो की पाणी तिथल्या तिथे उकळू लागतं. हे कॅव्हिटेशन. वीस अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब (ज्या दाबाला ते उकळतं तो) सुमारे २.३ किलोपास्कल असतो, नव्वद अंशांच्या पाण्याचा तब्बल ७०, आणि बाहेरच्या हवेचा दाब १०१. म्हणजे गरम कूलंट मुळातच उकळण्याच्या काठावर उभं असतं. प्रेशर कॅप यंत्रणेचा दाब वाढवून त्याला मागे खेचून धरते. कॅप सैल झाली की तेवढंही अंतर राहत नाही.

वाफेचे बुडबुडे पुढे जास्त दाबाच्या जागी गेले की कोसळतात. भिंतीजवळचा बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नाही. दूरच्या बाजूने पाण्याची सुईसारखी बारीक धार त्याला भेदून थेट धातूवर आदळते. असं लाखो वेळा झालं की इंपेलर स्पंजासारखा खडबडीत होतो. आवाज ओळखता येतो, पंपातून खडी जात असल्यासारखा. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या बोटीला १८९० च्या दशकात याचाच फटका बसला होता, प्रोपेलर फिरत होते आणि वेग येत नव्हता. बुडबुडा कोसळताना दाब कुठवर चढतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं.

बुडबुड्यांनी भरलेला पंप वेगाने फिरूनही पाणी नीट ढकलत नाही. मोठी पुली लावून त्याला जरा सावरलं की कॅव्हिटेशन थांबतं, पाणी पुन्हा नीट वाहतं आणि वर इंजिनाची ताकदही वाचते. पंप हळू झाला, पाणी नाही.

“पॉवर प्लांट आणि टर्बाइनवाले तेच करतात”

नाही करत. वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्यांत पाण्याचा वेग साधारण सेकंदाला दोन मीटरच्या आसपास ठेवतात. त्याच्या फार खाली गेलं तर देवाणघेवाण मंदावते आणि गाळ, शेवाळ बसायला लागतं. फार वर गेलं तर नळ्यांची झीज होते आणि पंपाचं बिल चढतं. दोन्ही टोकांची कारणं आहेत, ‘वेळ’ त्यात कुठेच नाही.

टर्बाइनचं उदाहरण तर मेसेजवर उलटतं. फ्रान्सिस टर्बाइन (जलविद्युत केंद्रातलं, पाण्यावर फिरणारं) ठरलेल्या प्रवाहापेक्षा बऱ्याच कमी पाण्यावर चालवलं की रनरमधून (फिरत्या चाकातून) बाहेर पडणारं पाणी गिरक्या घेत खाली उतरतं आणि ड्राफ्ट ट्यूबमध्ये (पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत) पिळदार भोवरा तयार होतो. तो रनरच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वेगाने फिरत राहतो आणि दाबाचे ठोके सगळ्या मशीनला देतो. कमी पाण्यावर मशीन शांत तर सोडाच, अनेकदा गुरगुरतं. कापलान या दुसऱ्या प्रकारच्या टर्बाइनची पाती फिरवता येण्याजोगी केली, ती बदलत्या प्रवाहातही पाणी पात्यांशी नीट कोनात यावं म्हणूनच.

“व्हॉल्व्ह थोडा आवळा”

कुठला? डिलिव्हरीचा (पंपातून पाणी बाहेर पडतं त्या बाजूचा) आवळला तर पंप कमी पाणी देईल, वरचा पाईप आणखी तापेल, एवढंच. पण फारच आवळला तर पाणी इंपेलरमध्येच घोळत राहून तापतं आणि पंप थरथरतो. सक्शनचा (पंप पाणी ओढतो त्या बाजूचा) आवळला तर कॅव्हिटेशनला हाताला धरून घरात आणलं. बहुतेक इंजिनांत रेडिएटरचा खालचा पाईप म्हणजेच पंपाचं सक्शन, आणि नेमका तोच आवळायला सोपा असतो.

याचा अर्थ पंप जितका मोठा तितकं बरं, असाही नाही. रेडिएटरमध्ये खरी अडचण सहसा हवेच्या बाजूला असते, पाण्याच्या नाही. पाण्याच्या बाजूची देवाणघेवाण १.७४ पट करूनही एकूण फायदा किरकोळ निघू शकतो. त्यासाठी पंपाचा वेग दुप्पट केला तर प्रवाह दुप्पट, हेड (पंप देतो तो दाब) चौपट आणि लागणारी ताकद आठपट होते. एवढा महाग सौदा कुणी विचार न करता करू नये.

इंजिन तापत असेल तर ते चांगलं गरम होऊन थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर वरच्या आणि खालच्या पाइपाचं तापमान थर्मामीटरने मोजा. लोड तेवढाच ठेवा. फरक नेहमीपेक्षा मोठा निघाला तर पाणी कमी फिरतंय: पंपाचा पट्टा, इंपेलर, तुंबलेल्या नळ्या, आत अडकलेली हवा, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट किंवा आत ओढला जाऊन चपटा होणारा खालचा पाईप तपासा. फरक लहान आणि दोन्ही टोकं गरम निघाली तर पाणी आपलं काम करतंय, हवा करत नाही: पंखा, त्याचं आवरण आणि धुळीने भरलेल्या फिन (रेडिएटरच्या पातळ पट्ट्या) बघा.