खुलासा: जुनी रेड बर्गंडी (फ्रान्सच्या बर्गंडी भागातली लाल वाइन) विटकरी दिसली म्हणजे बिघडली असे नाही

‘जुन्या बर्गंडीचा रंग तपकिरीकडे झुकला की ती गेली, तरी प्यायचीच तर तीन तास डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) ठेवा,’ असा सल्ला फिरतो आहे. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

ही वाइन पिनो न्वार या द्राक्षाची, आणि त्याच्या सालीत रंगद्रव्य मुळातच कमी. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षांत ती फिकट होणार, ग्लासच्या कडेला विटकरी-नारिंगी छटा येणार. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून पाहा: मधोमध लाली आणि चमक असेल तर आशा आहे. सगळीच गढूळ, चहासारखी तपकिरी असेल तर मात्र शंका घ्या. निकाल नाक-जिभेचाच. ओलसर पाचोळा, अळंबी, चामडे हे वास वयाचे. व्हिनेगर किंवा कापून काळ्या पडलेल्या सफरचंदाचा वास बिघाडाचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा, वयाचा नाही. फळाची चव संपून नुसता आंबटपणा उरला, तर वाइन उतरणीला लागली.

तीन तासांची हवा तर घातकच. उरलासुरला नाजूक सुगंध तेवढ्यात उडून जातो. बाटली आदला पूर्ण दिवस उभी ठेवा, गाळ तळाशी बसू द्या. बूच ठिसूळ असते. स्क्रूने चुरा होतो, म्हणून दोन पात्यांचा ओपनर बरा. १५ अंश सेल्सिअसच्या आसपास, हलक्या हाताने थेट ग्लासात ओता, शेवटचे दोन-तीन घोट बाटलीतच सोडा. उघडल्याबरोबर कोंदट वास आला तर दहा-पंधरा मिनिटे थांबा. बऱ्याचदा तो जातो.